गुंतवळ

"मोज्यांचा गोळा थोडा मागे घे," बायको म्हणाली. "पुढे आला की शिंग फुटल्यासारखं दिसतं."

प्लंबरने आरशात पाहत गोळा टाळूवर नीट बसवला आणि वरून फडकं आवळलं. शीख माणसाच्या डोक्यावर न कापलेल्या केसांचा बुचडा असतो आणि त्यावर पगडी बसते. याचा बुचडा मोज्यांचा होता. खालचे केस बोटाच्या पेराएवढेही नव्हते.

ते त्याने या देशात आल्यावर पहिल्याच वर्षी कापले होते. दिवसभर लोकांच्या मोऱ्यांखाली डोकं घालायचं, आणि मुकादम रोज म्हणायचा, हेल्मेट बसत नसेल तर घरी बस. घरी बसायला तो एवढ्या लांब आला नव्हता. वडिलांना मात्र त्याने हे कधी सांगितलं नाही. फोनवर चेहरा दाखवायची वेळ आली, की पातेल्यावर बांधून ठेवलेली पगडी टोपीसारखी चढवायची आणि बोलायला बसायचं. कातरलेली दाढी फोनवर बांधलेली वाटायची.

आता वडील स्वतःच राहायला आले होते. त्यांनी आधी कळवलं होतं, म्हणून दाढी तरी वाढवता आली. डोक्याचं काम तेवढ्यात होण्यासारखं नव्हतं.

वडील जन्मभर रेल्वेत तिकीट तपासनीस होते. बाकावरच्या माणसाच्या नुसत्या पायांकडे पाहून तो विनातिकीट आहे हे आपण ओळखायचो, असं ते अजून सांगत. शिवाय निघताना सगळ्या गल्लीला ऐकवून आले होते, "माझ्या पोरानं परक्या मुलखात एक केस कमी होऊ दिला नाही."

"खरं कळलं तर ते गावात पुन्हा मान वर करणार नाहीत," प्लंबर म्हणाला.

"मग गोळा मागे घे," बायको म्हणाली.

सगळ्यात मोठी धास्ती मुलीची होती. ती पाच वर्षांची, नाव काहीही असलं तरी सगळे तिला चिमणी म्हणत. काल आजोबा चहा पीत असताना ती दारात येऊन म्हणाली, "माझे पिवळे मोजे कुठेत? पप्पांच्या..."

प्लंबरने तिच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

"पप्पांच्या काय?" आजोबांनी विचारलं.

चिमणीने सावकाश घास संपवला. "पप्पांच्या खिशात बिस्किटं असतात," ती म्हणाली आणि दुसऱ्या बिस्किटासाठी हात पुढे केला.

आजोबाही तिला गुपचूप बिस्किटं देत. ते तिला लाडावून ठेवतायत, अशी प्लंबरची तक्रार होती.

धंद्यामुळे त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. माणूस खोटं बोलेल, मोरी बोलत नाही. लांब केसांचं घर जाळी उचलली की कळतं. म्हणून त्याने ट्रंकेच्या तळातून आपला जुना लाकडी कंगवा काढला होता. बायको रोज सकाळी विंचरून झालं की आपली गुंतवळ, म्हणजे गळलेल्या केसांचा पुंजका, त्या कंगव्याच्या दातांत अडकवायची आणि तो न्हाणीघरातल्या फळीवर ठेवायची.

शेजारीच वडिलांचा कंगवा असे. त्यात पांढरे, हातभर लांब केस अडकलेले असत. या वयातही केवढे लांब. ते पाहिले की प्लंबरला नाश्ता गोड लागत नसे.

गावी वडील केस धुऊन ओट्यावर उन्हात वाळवत बसायचे. म्हणून सुनेने एकदा रीत म्हणून विचारलं, "बाबा, बाल्कनीत ऊन आलंय. खुर्ची टाकू?"

"नको, सूनबाई. इथलं ऊन म्हणजे नुसता दिवा. मी आपला दार लावून वाळवतो."

प्लंबरला हायसं वाटलं. वडील बाल्कनीत बसले असते तर त्यालाही केस मोकळे सोडून शेजारी बसावं लागलं असतं.

"आणि मोजे तरी घाला. फरशी गार आहे," सून म्हणाली.

"आहेत माझ्याकडे," वडील म्हणाले आणि अनवाणीच आत गेले.

पगडीचं कापड लांबलचक. त्याची घडी घालायला दोघं लागतात. रोज सकाळी घरातल्या बोळात एक टोक बाप धरी, दुसरं मुलगा.

"ताणून धर," वडील म्हणायचे. "कापड ढिलं तर माणूस ढिला." मग मुलाच्या डोक्यावर बांधलेल्या फडक्याकडे बघायचे. "तुझा बुचडा माझ्यापेक्षा मोठा दिसतो."

"केस दाट आहेत, बाबा."

"माझ्यावर गेलास."

वडिलांचे परतायचे दिवस जवळ आले तसं प्लंबरला हे झेपेना. बापाला फसवून विमानात बसवायचं, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. एका सकाळी घडी घालता घालता तो म्हणाला, "बाबा, एक बोलायचं होतं."

वडिलांच्या हातातलं टोक सुटलं. "माझ्याबद्दल?"

"नाही. माझ्याबद्दल."

"मग संध्याकाळी बोल," वडील म्हणाले. त्यांनी टोक उचललं आणि इतक्या जोरात ताणलं की प्लंबर दोन पावलं पुढे आला.

तेवढ्यात आत बायकोचा फोन वाजला. ती आरशासमोर बसून नवऱ्याच्या कंगव्यात केस अडकवत होती. गावाहून सासूबाई बोलत होत्या. नात जेवते का, थंडी किती, सगळं विचारून झालं. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"सूनबाई, तू एकटीच आहेस ना? ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. पोरानं तिकडे सगळं सांभाळलंय, त्याच्यासमोर मी विनातिकीट कसा उभा राहू, म्हणून निघताना रडकुंडीला आले होते. म्हणून विचारते. कंगव्याला लावायला मी माझी गुंतवळ पुडीत बांधून दिली होती, ती पुरतेय ना?"