नवा थर

"हे फुफ्फुस?" बाबांनी माझ्या प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या उथळ ताटलीकडे पाहत विचारलं.

"फुफ्फुसाच्या आतला स्निग्ध थर. श्वास सोडल्यावर फुफ्फुस मिटून जाऊ नये म्हणून असतो," मी म्हणाले. ताटलीवरची पट्टी मागेपुढे सरकत होती, तसा पाण्यावरचा थर आकसत आणि पसरत होता. रोजच्या सवयीने मी कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचा थेंब सोडला. मॉनिटरवर थराला भेगा पडल्या. तो पुन्हा नीट पसरलाच नाही.

बाबांचं सगळं आयुष्य टायरच्या कारखान्यात रबरात काजळी मिसळण्यात गेलं. निवृत्तीनंतरही त्यांच्या पापण्यांच्या कडा काळ्याच राहिल्या होत्या. मी मॉनिटर बंद केला, पण त्यांनी पाहिलं होतं.

"आता काय करतेस?" खोकला आवरत त्यांनी विचारलं.

"ताटली धुवायची आणि नवा थर घालायचा."

"ताटलीचं बरं आहे," बाबा म्हणाले.