कॅल्शियमचा डबा

"कॅरमची पावडर ना? आहे की. पाकीट फाटलं होतं, म्हणून काल मी ती कॅल्शियमच्या रिकाम्या डब्यात…"

देवयानीचं वाक्य तिथेच अडलं. पलीकडे आखातातल्या मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीतून तिचा नवरा आलोक "हॅलो, हॅलो" करत राहिला. संध्याकाळी चार मित्र कॅरम खेळायला येणार होते, तेवढ्यासाठी त्याने फोन केला होता.

"आलोक, डब्यावरचं लेबल मी काढलंच नाही रे."

"मग?"

"मग काय मग! आपली पूर्वी दोन वाजता शाळेतून येईल आणि पोपटरावाला खायला घालेल. त्या डब्यातली पावडर लावून!"

पोपटराव म्हणजे पोपट नव्हे. शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. वीतभरही नाही, पण ऐट अशी की जणू घर त्याच्याच नावावर आहे. त्यांच्या लेकीची, पूर्वीची, जिवाभावाची मैत्रीण शर्वरी जूनमध्ये आईवडिलांबरोबर कायमची पुण्याला गेली आणि दहा वर्षांच्या पूर्वीने बोलणंच टाकलं. हो आणि नाही, बस. शेवटी आलोकने शुक्रवारच्या बाजारातून हे हिरवं ध्यान आणलं, तेव्हा पोरीला कंठ फुटला. त्याच्यासाठी रातकिडे ती स्वतः वाढवायची. स्वतःच्या खोलीत, अंड्यांच्या पुठ्ठ्यांमध्ये. त्यांना गाजर किसून घालायची, कोथिंबीर घालायची. किडा पोपटरावाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा असता कामा नये, हे आल्यागेल्याला ऐकवायची. घरभर नुसती किरकिर. देवयानीला शिसारी यायची. पण पोर हसतेय ना, मग असू दे मेले.

पंधरा दिवसांपूर्वी मात्र पोपटरावाचे पाय थरथरायला लागले. फांदीवरची पकड सुटायची. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ होताहेत, किड्यांना रोज कॅल्शियम लावता ना? "लावतो की," देवयानी म्हणाली आणि घरी येऊन तिने कायदाच केला. पावडरशिवाय एकही किडा द्यायचा नाही. रोज संध्याकाळी ती डबा उघडून बघायची. पावडर भराभर उतरत होती. दोन महिने पुरेल असं दुकानदार म्हणाला होता, तो डबा काल संपलासुद्धा. तिला लेकीचं केवढं कौतुक वाटलं! नवा डबा तिने कपाटात ठेवला. जुना टाकवेना. टाकवेल कसा? तिच्या घरात हॉर्लिक्सच्या बरणीत तूरडाळ असायची आणि बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा.

आणि कॅरमची पावडर म्हणजे बोरिक पावडर. हीच पावडर कणकेच्या गोळीत घालून ती ओट्यामागे झुरळं मारायला ठेवायची.

तिने घरच्या टॅब्लेटवर कॉल लावून पाहिला. तो बंद. शेजारच्या हुस्नाआपांना फोन केला. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा केला. पुन्हा तेच. "घरी इमर्जन्सी आहे," एवढंच साहेबांना सांगून ती शुवैखच्या ऑफिसातून निघाली, तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. फहाहीलच्या हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. पुढे कुठेतरी अपघात झाला होता. देवयानी स्टिअरिंगवर हात आपटत राहिली. दीड. पावणेदोन. एसी पूर्ण सोडूनही तिला घाम फुटला होता.

दोन वाजले आणि तिने आशा सोडली. मग तिचं डोकं भलत्याच दिशेने चालायला लागलं. पोरीला काय सांगायचं? आपल्या हातून झालं, हे तिला कळता कामा नये. नाहीतर ती पुन्हा गप्प होईल, आणि या वेळी आपल्यावर रुसून. देवयानीने एक वाक्य पाठ केलं. असे प्राणी नाजूकच असतात बाळा, कधीकधी असेच जातात. मंगफच्या सिग्नलपर्यंत तिने ते दहा वेळा म्हटलं. अकराव्या वेळी ते खरंसुद्धा वाटायला लागलं.

ती घरात शिरली तेव्हा अडीच वाजायला आले होते. पूर्वी गणवेशातच पिंजऱ्यासमोर बसली होती. पोपटराव फांदीला धरून थरथरत होता.

"मम्मा! यू आर सो अर्ली!"

"त्याला खायला दिलंस?"

"हो. सहा. ऑल फिनिश्ड!"

"आणि पावडर? पावडर लावलीस?"

पूर्वीने नजर खाली वळवली. "लावली. रोजच्यासारखी."

देवयानी पर्ससकट जमिनीवर बसली. "बाळा, असे प्राणी…" तिने सुरुवात केली. आणि मग ती रडायलाच लागली. पदर नाही, रुमाल नाही, ऑफिसच्या कुर्त्याच्या बाहीला डोळे पुसत, लहान मुलीसारखी हुंदके देऊन.

पूर्वी घाबरली. आईला असं रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. ती जवळ आली, तिने आईचं मनगट घट्ट धरलं.

"मम्मा, नको ना रडू. तुला कळलं ना? आय लाइड. सॉरी."

"काय?"

"पांढरे किडे तो खातच नाही. तोंड फिरवतो. मला वाटलं, तो उपाशी मरेल." पूर्वीचा आवाज अगदी बारीक झाला. "मी पावडर कधीच लावली नाही मम्मा. आजसुद्धा नाही. रोज एक चमचा सिंकमध्ये टाकते. तू डबा उघडून बघतेस ना, म्हणून."