शैलेशच्या पाळीचं पाणी

सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी त्या दिवशी धाकट्या भावाची, शैलेशची होती. तरी आत्मारामने मोटर सुरू केली, पाणी आपल्या पानवेलीकडे वळवलं आणि बांधावर खुर्ची टाकून बसला. कोण काय बोलतो ते बघायचं होतं त्याला.

कोणी बोलणार नव्हतं. गेल्या महिन्यात आत्मारामचं डोकं दुखतं म्हणून बोईसरला स्कॅन काढला, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुटला तर जिवावर बेतेल. मांडीतून तार घालून आतून बंद करून घ्या, आणि तोवर संताप करू नका. आत्मारामने त्यातला संताप तेवढा लक्षात ठेवला, तोही दुसऱ्यांसाठी. ‘मला कोणी संताप आणायचा नाय,’ असं तो घरभर ओरडत फिरे.

ऑपरेशनला मात्र तयार नव्हता. भांडायला सदा पुढे, पण सुईला भिणारा. मुलाने, कुशलने, विषय काढला की डोकं धरून आडवा होई. आमटीत मीठ कमी पडलं तरी डोकं धरी. शनिवारी मुंबईचे पाहुणे केळव्याच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात गाणी वाजवू लागले, की स्कॅनची फाईल घेऊन त्यांच्यावर धावून जाई. बिचारे गाणी बंद करून चहा विचारत. इतकं मोठेपण त्याला जन्मात मिळालं नव्हतं. बायको, हेमांगी, रात्रभर जागून त्याचा श्वास चालू आहे ना बघायची, आणि हा खुशाल घोरायचा.

शैलेश येताना दिसला तशी हेमांगी धावली.

“भावजी, पाया पडते. आज काय बोलू नका.”

बाप गेल्यापासून दोघे भाऊ या विहिरीवरून भांडत होते. पालघरच्या कोर्टात जाऊन आले होते. एकाने दुसऱ्याला कधी बादलीभर पाणी जास्त दिलं नव्हतं. आत्मारामने बाह्या सरसावल्या. शिव्या तोंडाशी तयार होत्या.

शैलेशने वाहत्या पाण्याकडे बघितलं. मग जवळ येऊन, वाकून, थोरल्याच्या पायाला हात लावला.

“घे दादा. आजचं घे, उद्याचं बी घे. विहीर तुजीच हाय.”

आत्मारामचा चेहरा पांढराफटक पडला.

“डॉक्टर तुला काय बोलला?”

“काय नाय. तू घे पानी,” म्हणून शैलेशने डोळे पुसले.

आत्माराम खुर्चीतून उठला. कितीतरी दिवसांनी तो हेमांगीशी हळू आवाजात बोलला. “कुशलला सांग, गाडी काढ. आजच दाखल करा मला. शैल्या पानी सोडतो, म्हंजे माजं काय खरं नाय.”

तासाभरात पिशवी भरून झाली. आत्माराम गाडीत बसला, सीटबेल्टसुद्धा न सांगता लावला. निघायच्या आधी हेमांगी विहिरीवर आली. तिला रडू आवरेना.

“भावजी, तुमी देवमानूस. सगळं भांडण मिटवलंत.”

शैलेश मोटरीचा व्हॉल्व्ह फिरवून पाणी आपल्या वाडीकडे घेत होता.

“मिटवलं कोनी, वयनी? बरा करून आना त्याला. आजच्या पान्यावरून मला भांडायचं हाय.”