प्रभू पुढच्या सीटवर

अरे ऐका ना, आमचा दादा टॅक्सी चालवतो आणि स्टिअरिंग हातात आलं की याच्या शिव्या सुरू! आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "आधी तोंड सुधार, मगच माझ्या मुलीला मागणी घाल." म्हणून दादाने शेजारची सीट प्रभू येशूसाठी रिकामी ठेवली. तो शेजारी बसलाय म्हटल्यावर शिवी देणार कशी?

काल पाळकसाहेब स्वतःच परीक्षा घ्यायला माझ्याबरोबर मागे बसले. चौकात एका बाईकवाल्याने आडवं घुसून आरसाच उडवला! दादा लालबुंद, पण तोंडातून चकार शब्द नाही. आणि पाळकसाहेबांनी खिडकीतून डोकं काढून अशी शिवी हासडली, की दादालाही ती नवीन होती!

 

मग पाळकसाहेब हळूच खाकरले, "जावईबापू, आज प्रार्थनेत माझंही नाव घ्या हं."