सांतोससाठी बर्फ

"खिंड अजून किती लांब गं?" घोड्यावरून सासूने पुन्हा विचारलं.

लगाम धरून पुढे चालणाऱ्या फर्मिनाने मागे वळून पाहिलं नाही. "आलीच, आई." खिंड कधी येऊच नये, असं तिला वाटत होतं.

सासूने, पाऊलिनाने, पुनवेपासून मीठ सोडलं होतं. तिचा मुलगा, फर्मिनाचा नवरा सांतोस, घरी भिंतीला टेकून बसला होता. आडवा झाला की त्याचा श्वास कोंडे. खाणीच्या धुळीने छाती भरली होती. कुस्को शहरातल्या डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हटलं, तेव्हाच दोघी काय ते समजल्या. पण म्हातारीचा भार डोंगरावर. ती लहान असताना तिच्या बापालाही असंच झालं होतं. खिंडीतलं बर्फ आणून छातीवर ठेवलं, आणि डोंगरदेवाने माणूस परत दिला.

खिंडीत आता बर्फ नव्हतं; म्हातारी कित्येक वर्षांत वर चढलीच नव्हती. फर्मिना रोज डोंगर बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना घोड्यावर बसवून तिथेच नेई. सासूला सांगायला तिने कितीदा तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या बर्फाच्या आशेवर म्हातारी जगत होती, आणि म्हातारीकडे बघून सांतोस.

"काय फर्मिना, आज घरचंच गिऱ्हाईक?" खाली उतरणारा एक घोडेवाला हसला.

"गिऱ्हाईक असेल तुझी आजी, मेल्या!" पाऊलिना कडाडली. "मी देवाकडे चाललेय. ह्या गोऱ्यांसारखी फोटो काढायला नाही."

वर वारा झोंबत होता. पाहुणे हात पसरून, ओरडून फोटो काढत होते. फर्मिनाने सासूला घोड्यावरून उतरवलं. मोतीबिंदूमुळे म्हातारीला चेहरे ओळखू येत नसत, रंग तेवढे कळत. समोर डोंगर उघडा पडला होता. तांबडा पट्टा, मग पिवळा, हिरवट, जांभळा, पुन्हा तांबडा. जन्मभर अल्पाकांची कातडी काढलेली ती बाई बघतच राहिली.

"ह्याला कुणी सोललं गं?"

"बर्फ वितळलं, आई. पुष्कळ वर्षं झाली. खाली हे होतं."

"मग ही माणसं हसतायत कशाला?"

"त्यांना छान दिसतं."

आता म्हातारी कोसळणार, म्हणून फर्मिनाने तिचा दंड घट्ट धरला. म्हातारीने तो हळूच सोडवून घेतला. कमरेची पिशवी उघडली, चाचपून देवाला वाहायची कोकाची तीन अखंड पानं निवडली, ओठांशी नेली आणि डोंगराकडे फुंकर घातली. बराच वेळ ती पुटपुटत होती. मग पानं दगडाखाली सरकवून, न सांगता घोड्याकडे वळली.

उतार संपत आला. खाली घरांचा धूर दिसायला लागला, त्यातला एक त्यांचा. रिकाम्या हातांनी त्या घरात कसं शिरायचं, ते फर्मिनाला कळेना.

"आई," तिने शेवटी विचारलं, "सांतोससाठी मागितलंत ना?"

म्हातारीने नाही म्हणून मान हलवली. "आजाऱ्यापाशी का कुणी मागतं, पोरी? डोंगरालाच म्हटलं, बरा हो बाबा."