वाकडा टाका

अमृत नानांचं शिलाई मशीन तिसऱ्यांदा हिलालच्या दुकानासमोर उतरलं, तेव्हा देवपुरातली दुकानं नुकती उघडत होती. रिक्षातून आधी नाना उतरले, मग त्यांना धरून त्यांची बायको भिकुबाई.

"टाका अजून वाकडाच पडस, हिलाल," नाना पायरीवरूनच म्हणाले. "मशीनमा काहीतरी खोट शे."

कापडण्यात चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवून नानांनी दुकान बंद केलं होतं. मशीन गोठ्यात पडून राहिलं. लग्न झाल्यापासून भिकुबाईंनी दुसऱ्या कुणाच्या हातचा ब्लाउज अंगाला लावला नव्हता. दुकान बंद झाल्यावरही त्या जुनेच पुरवत होत्या. ते विरत चालले, तेव्हा नानांनी मशीन हिलालकडे आणलं. हिलाल जुनी मशीनं दुरुस्त करायचा. त्यानं रॉकेल घालून चाकाचा गंज सोडवला, चामडी पट्टा नवा बसवला, वाळवीनं खाल्लेली टेबलाची बाजू सागाच्या फळीनं भरून काढली, खणांना पॉलिश केलं. महिना लागला. मशीन न्यायला आले त्या दिवशी नाना त्याच्यावरून हात फिरवत नुसते हसले होते.

आणि आता ही तिसरी खेप.

हिलालनं शटल काढून पाहिलं. सुई पाहिली. दोऱ्याचा ताण पाहिला. मग एक चिंधी घेऊन स्वतः शिवलं. टाका दोरी लावल्यासारखा सरळ आला.

"तुम्ही चालवून दाखवा, नाना."

नाना बसले. भिकुबाईंनी पिशवीतून नवं कापड काढून दिलं. पायडलवर नानांचे पाय पडले आणि चाक असं एका लयीत फिरू लागलं की हिलाल बघत राहिला. मग त्याची नजर वर गेली. कापडावरचा नानांचा उजवा हात थरथरत होता. थांबायचा, आणि पुन्हा उसळायचा. टाका डावीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला.

हिलालनं मान वर केली. नानांच्या मागे उभ्या भिकुबाई त्याच्याकडेच पाहत होत्या. त्यांनी हळूच मान हलवली. सांगू नको. त्यांच्या अंगातल्या नव्या ब्लाउजची दंडावरची शिवण चुण्या पडून वाकडी गेली होती. हिलालची नजर तिकडे गेलेली कळताच त्यांनी पदर ओढून घेतला.

"सुई बोथट झालीय, नाना," हिलाल म्हणाला. "बदलतो."

त्यानं नवी सुई घातली. नानांनी पुन्हा शिवलं. चार बोटं शिवण झाली, आणि त्यांनी चाकावर तळवा ठेवून मशीन थांबवलं. उजवा हात डाव्या हातानं धरून ते बसून राहिले.

"खरं सांग, हिलाल. मशीन बरोबर शे ना?"

या वेळी हिलालला खोटं बोलता आलं नाही. "हो, नाना."

भिकुबाई पुढे झाल्या. सुईखालचं कापड त्यांनी सोडवून घेतलं. "माले चालस असंच," त्या म्हणाल्या. "आते कोन पाहस माले?"

"तुले चालस," नाना म्हणाले. "माले चालत नही."

त्यांनी ते कापड भिकुबाईंच्या हातातून घेतलं, घडी केली. घडीही नीट बसली नाही. "मशीन आठेच राहू दे," ते हिलालला म्हणाले. "कोनी शिकनारी पोर उनी तर तिले दी टाक."

दोन दुकानं सोडून लताबाईंचं टेलरिंगचं दुकान होतं. भिकुबाईंना रिक्षात बसवून नाना कापड घेऊन एकटेच तिकडे निघाले. हिलाल त्यांच्या मागे गेला.

"आजींना आत बोलवा ना," लताबाई टेप हातात घेत म्हणाल्या. "माप घेते."

"मापनी गरज नही. लिही." नाना काउंटरला टेकून उभे राहिले. छाती, कंबर, लांबी, बाही, मुंढा, मागचा गळा. कुठेही न अडखळता त्यांनी सगळं सांगितलं. लताबाई लिहीत गेल्या.

"झालं?"

नानांनी वळून रिक्षाकडे पाहिलं. मग ते पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "डावा खांदा पाव इंच उतरता शे. तसाच काप. तिले माहीत नही."