शिंकेची जागा

"अख्खी बिल्डिंग घेऊन आलीस?" पडद्याच्या फटीतून बघत ती आईला म्हणाली.

"मग काय, रिकाम्या खुर्च्यांपुढे गाणार होतीस?" आईने तिच्या खांद्यावरचा गिटारचा पट्टा नीट केला. "तळमजल्यावरच्या मावशी तर गुडघे दुखत असताना दोन जिने चढून आल्यात. जरा हसून बघ त्यांच्याकडे."

फर्निचरच्या दुकानावरचा तो छोटासा हॉल गच्च भरला होता आणि तेच तिला नको होतं. नोकरी सोडून स्वतःची गाणी स्वतःच रचायची, स्वतःच रेकॉर्ड करून नेटवर टाकायची, हा उद्योग आरंभल्यापासून तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. ओळखीपाळखीबाहेरचं कुणी आपलं गाणं खरंच ऐकतं का? फोनवर ऐकणाऱ्यांचा आकडा दिसायचा, पण आकड्याला तोंड नसतं. म्हणून तर हा हॉल घेतला होता. परकं कुणी आलं नाही, तर सोमवारी जुन्या साहेबांना फोन करून परत घेता का विचारायचं, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि आता आईच्या मायेने असा घोळ केला होता, की आपलं कोण आणि परकं कोण, काही पत्ता लागू नये.

"बाबा कुठायत?"

"मागे, दाराला चिकटून. नाकाला रुमाल लावून बसलेत."

बाबा सुतार. जन्म भुशात गेलेला, त्यामुळे नाक कधी दगा देईल याचा नेम नसे. लेकीला रेकॉर्डिंग करता यावं म्हणून त्यांनीच जुन्या कपाटाला आतून रजया ठोकून दिल्या होत्या. तिने चादरींवर रचलेल्या गाण्याच्या वेळी तर त्यांनी बाहेर खडा पहारा दिला. टीव्ही बंद, पंखे बंद, शेजारचं कुत्रंसुद्धा दटावून गप्प केलं. आणि शेवटच्या कडव्याआधी ती जिथे क्षणभर थांबते, नेमकं तिथे पहारेकरीच शिंकले. तसा आवाज पुन्हा काही लागला नाही. शेवटी तिने ते गाणं शिंकेसकटच नेटवर टाकलं. बाबांनी मात्र ते जिवाला लावून घेतलं.

"नुसती माशी शिंकली असती तर निभावलं असतं," आई म्हणायची, "पण हे शिंकले ना!"

कार्यक्रम सुरू झाला. बिल्डिंगवाल्यांनी गाणं संपायच्या आधीच टाळ्या वाजवल्या, मग जीभ चावली, मग संपल्यावर पुन्हा वाजवल्या. बाकीचे चेहरे अर्ध्या अंधारात होते. तिने चादरींचं गाणं घेतलं. शेवटच्या कडव्याआधी ती सवयीने थांबली. बोटं तारांवर आडवी ठेवली. हॉल चिडीचूप.

"आऽऽक्छी!"

डावीकडून एक, मधून चार-पाच, मग मागचा सगळा भाग. तळमजल्यावरच्या मावशी दचकून शेजारणीच्या अंगावर पडल्या. आई अर्धवट उठून कुणाला एवढी सर्दी झाली ते शोधू लागली. आणि ती स्टेजवरून बघतच राहिली. शिंकणाऱ्यांपैकी एकाही माणसाला ती ओळखत नव्हती. एक टक्कल पडलेले गृहस्थ होते, एक नर्सच्या कपड्यातली बाई होती, कुणाच्या तरी मांडीवर एक झोपाळलेली पोर होती. सगळे तिच्याकडे बघून हसत होते. तिला इतका आनंद झाला की पुढची ओळच आठवेना. मग तीही खो खो हसत सुटली.

"पुन्हा घ्या, पुन्हा!" कुणीतरी ओरडलं.

मागे दाराजवळ बाबा केव्हाच उभे राहिले होते. चेहरा पांढराफटक. "मी नाही हं," ते शेजारच्या मुलीला म्हणाले, "शप्पथ, या वेळी मी नाही."

"तेच तर म्हणतेय, काका." मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेल्या त्या मुलीने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "इथे शिंकायचं असतं. तुम्ही हे गाणं आधी ऐकलं नाहीये का?"

बाबांनी रुमालाची सावकाश घडी केली आणि खिशात ठेवली.

स्टेजवर लेकीने कडवं पुन्हा घेतलं. थांबायची जागा आली. बाबांनी छाती भरून श्वास घेतला आणि हॉलभर सगळ्यांच्या बरोबरीने शिंकले.

"छान जमलं," ती मुलगी म्हणाली, "पण घरी जाऊन रेकॉर्डिंगमधली शिंक ऐका हं एकदा. तशी कुणालाच जमत नाही."